वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित?

आमच्या शेजारचे भाऊसाहेब लग्नाला गेले की पंगतीत बसण्याआधी नवरीच्या मामाला गाठतात आणि विचारतात, "तुमच्यात कॅन्सर कुनाला?" एखाद्यानं "तुमचं गाव कोणतं?" विचारावं इतक्या सहज. राहुरीच्या एका लग्नात मामाला मांडवातल्या गोंगाटात नीट ऐकू आलं नाही. त्याला वाटलं, हे आहेराचं विचारताहेत. "आमच्यात भांडी द्यायची पद्धत हाय," म्हणाला बिचारा.

भाऊसाहेब म्हणजे निवृत्त तलाठी. आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेबच म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव मला लाइटबिलावरून कळलं. देवळाली प्रवऱ्यात आमची भिंतीला भिंत आहे. मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवते, आणि बारा वर्षं शेजारी राहिल्यावर माणूस कळतो असा माझा समज होता.

नोकरीत त्यांनी जन्मभर वारसनोंदी केल्या. जमिनीचा मालक गेला की त्याच्यामागे कोण कोण, हे चौकशी करून लिहायचं. निवृत्तीनंतर जमिनी सुटल्या, वारस काही सुटले नाहीत. आता ते रोगांचे वारस लिहितात. लाल फडक्यात बांधलेली एक जाड वही आहे. तीत गावातल्या एकेका घराला एकेक पान, पानावर वंशावळ आणि प्रत्येक मयताच्या नावापुढे 'कशाने' असा रकाना. कॅन्सर असेल तर शेरा दोनच प्रकारचा. घराण्यातून आला तो वडिलोपार्जित. तंबाखू, विडी, दारू यांच्या मागे लागून माणसानं मेहनतीनं मिळवला तो स्वकष्टार्जित.

आमच्या ह्यांनी जेवणानंतर तळहातावर चुना घेतला की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "चालू द्या सर! बापजाद्यांनी काय ठेवलं न्हाई, सोताच कमवा!" ह्यांनी तंबाखू सोडली ती तब्येतीसाठी नव्हे, त्या आवाजाला कंटाळून. माझ्या बोलण्यानं वीस वर्षांत जे झालं नाही ते असं झालं, याचा मला अजून राग आहे.

सासूबाईंची मिश्री मात्र सुटली नाही. भाऊसाहेब रोज सकाळी कॅनॉलच्या कडेनं फिरायला निघताना आमच्या दारात थांबून विचारायचे, "मावशी, मिश्रीचा ताबा सोडला का?"

"तू मेल्यावर सोडीन," सासूबाई म्हणायच्या, आणि भाऊसाहेब समाधानानं पुढं जायचे.

माझ्या वजनावरही त्यांची नजर असे. "पोट म्हंजे अतिक्रमण, म्याडम. वेळेत काढलं न्हाई की नियमानुकूल हुतं." हे सांगताना स्वतःचं नियमानुकूल झालेलं पोट ते सदऱ्याखाली झाकून घेत. खरं सांगायचं तर मला त्यांचा वैताग यायचा. असा माणूस शेजारी असला की साधं खोकायचीसुद्धा चोरी होते.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत बायकांसाठी कॅन्सर तपासणीचं शिबिर झालं. नगरहून डॉक्टरीणबाई आल्या होत्या. आधी त्यांचं व्याख्यान होतं. हॉल बायकांनी भरलेला आणि पहिल्या रांगेत मधोमध भाऊसाहेब, वहीसकट.

बाई समजावून सांगत होत्या की बहुतेक कॅन्सर काही घराण्यातून येत नाहीत. पण थोड्या घरांत आई, मावशी, आत्या, बहीण अशा कमी वयात गेलेल्या दिसतात. तिथे जनुकातला एक बिघाड पिढ्यान्‌पिढ्या पुढं जात असू शकतो. "त्याला म्युटेशन म्हणतात," त्या म्हणाल्या.

भाऊसाहेब ताडकन उभे राहिले. "म्युटेशन म्हंजे फेरफार! आमचा जल्म गेला त्यात. सातबाऱ्यावर वारसाचं नाव लावायचं तर आदी फेरफार धरावा लागतो, नोटीस काढावी लागती, हरकतीला पंधरा दिस द्यावे लागत्यात. तुमच्या म्युटेशनची नोटीस कोन काढतं?"

हॉलमध्ये हशा पिकला. बाईही हसल्या. "भाऊसाहेब, मी पाथर्डीच्या शेतकऱ्याची लेक आहे. फेरफार मलाही कळतो. ह्याची नोटीस कुणीच काढत नाही, हीच तर अडचण आहे. म्हणून घरातल्यांनी एकमेकांना सांगायचं असतं."

"पन ह्यो बायकांचा, छातीचा कॅन्सर," भाऊसाहेबांचा आवाज थोडा खाली आला, "त्यो बापाकडनं लेकीला न्हाई ना जात?"

"बापाच्या जमिनीला लेकीचं नाव लागतं ना? तसंच आहे हे. बापाला स्वतःला बहुतेक वेळा काही होत नाही, पण हा बिघाड त्याच्यात असला तर लेकीकडे जायची शक्यता निम्मी."

"मंग हक्कसोड?"

पुन्हा सगळ्या हसल्या. हक्कसोड म्हणजे बहिणीनं 'मला वाटा नको' म्हणून लिहून द्यायचं. या वेळी मात्र डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"हक्कसोड होत नाही, भाऊसाहेब. पण नाव लागलं म्हणजे अंगाचा ताबा रोगाकडे गेला असंही नाही. बिघाड घेऊन जन्मलेल्या सगळ्यांनाच कॅन्सर होतो असं नाही. तंबाखू-दारू नको, वजन आटोक्यात हवं, रोज चालायला हवं. आणि डॉक्टर सांगतील त्या वेळेला तपासणी करायचीच. मग आला तरी लवकर सापडतो, बराही होतो."

भाऊसाहेब खाली बसले. एवढं सगळं ऐकूनही त्यांनी वही उघडली नाही.

पुढचे दोन दिवस ते कॅनॉलला गेले नाहीत. सासूबाई मिश्री लावता लावता दोनदा दाराशी जाऊन आल्या. "आज त्यो मुडदा कसा न्हाई आला?" म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेचा डबा भरत होते तेव्हा ते आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात वही. शेवटचं पान उघडून त्यांनी माझ्यापुढं धरलं. त्यांच्याच घराचं पान होतं. वर आईचं नाव, 'कशाने'च्या रकान्यात 'वार्धक्य'. खाली ते स्वतः आणि त्यांच्याखाली लेक सुनीता.

"वार्धक्य कसलं," ते म्हणाले. "त्रेचाळीस वर्सांची हुती आई. आन एक वारस वगळलाय मी."

तलाठ्याच्या तोंडी याहून मोठा कबुलीजबाब नाही. मी डब्याचं झाकण खाली ठेवलं.

त्यांना एक धाकटी बहीण होती. शकुंतला, म्हणजे शकू. श्रीगोंद्याला दिलेली. आई छातीच्या कॅन्सरनं गेली होती, आणि सुनीताच्या लग्नाची बोलणी चालू असताना शकूही त्यानंच गेली. भाऊसाहेबांनी सगळ्यांना, अगदी सुनीतालासुद्धा, सांगितलं की काविळीनं गेली. पुढे कुणी खोलात शिरू नये म्हणून तिचं नाव काढणंच बंद केलं.

"स्थळ मोडलं असतं, म्याडम. शकू म्हनलं की लोक विचारनार, कशानं गेली. म्हनून मीच लोकांना विचारत सुटलो. मला विचारायला कुनाला सवडच दिली न्हाई." मग हळूच म्हणाले, "तुमी सांगा ना सुनीताला. बाईमानसाचं बाईमानसानं सांगितलेलं बरं."

मला वाईट वाटत होतं, पण मी ठाम राहिले. "ते जमायचं नाही. नोटीस तलाठ्यानंच बजावायची."

सुनीता राजूरला असते. भाऊसाहेब आमच्याच स्वयंपाकघरात बसले आणि राजूरची रेंज मिळेपर्यंत त्यांना दोनदा फोन लावावा लागला. भाऊसाहेबांना स्पीकरशिवाय बोलता येत नाही, त्यामुळे सगळं घर ऐकत होतं. त्यांनी घसा खाकरला आणि सरळ सरकारी भाषेत सुरुवात केली. "सुनीताबाई, आपनास कळविन्यात येतं की मयत शकुंतला ही काविळीनं न्हाई..."

पलीकडून सुनीता म्हणाली, "मला माहीत आहे, अण्णा."

"कसं काय?"

"आत्यानंच सांगितलं होतं. मी सुट्टीत तिच्याकडं गेले होते ना, तेव्हा. म्हणाली, सोताला जप, तपासून घेत जा. आणि तुझ्या बापाला काही विचारू नको, तो रडंल."

भाऊसाहेब सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होते. आमचे हे उगाच पंख्याचं बटण चालूबंद करत होते.

"मी दर वर्षी नाशिकला तपासून येते," सुनीता सांगत होती. "सासूबाई येतात सोबत."

"त्यांना ठाव हाय?"

"लग्नाच्या आधीच सांगितलं होतं मी त्यांना."

भाऊसाहेबांनी ज्यांच्यापासून चौदा वर्षं लपवलं, त्या विहीणबाई सुनेला दर वर्षी तपासणीला घेऊन जात होत्या.

"अण्णा, एक विचारू? रक्ताची तपासणी असते. आजी नाही, आत्या नाही, म्हणून डॉक्टर म्हणतात आधी वडिलांचं रक्त बघू. तुमच्यात तो बिघाड सापडला तर मग माझं बघायचं. चार वर्षं झाली, तुम्हाला कसं सांगावं तेच कळेना मला."

"कदी यायचं?"

"तुम्ही सुईला घाबरता."

"कदी यायचं ते सांग."

"सोमवारी या."

"येतो," म्हणाले आणि फोन ठेवला. मला शाळेला उशीर झाला होता, तरी मी जागची हलले नाही. सोमवारच्या सुईतून काय निघेल, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई भिंतीला धरून आल्या आणि भाऊसाहेबांच्या शेजारी पाटावर टेकल्या.

"दिसायला कशी हुती रं तुझी भन?"

चौदा वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कोण?

"थांबा मावशी, फोटू आनतो," भाऊसाहेब म्हणाले, आणि चपला न घालताच घराकडे पळाले.