दिगूभाऊ डोळे मिटून पान तपासतात

वेबसाइटचं पान तयार झालं की आमचे दिगूभाऊ ते बघत नाहीत. फोनचा स्क्रीन काळा करतात, डोळे मिटतात आणि फोनला ते पान मोठ्यानं वाचायला लावतात. जालन्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला वाटतं, यांना डुलकी लागली.

"दिसतं काय ते ऱ्हाऊ दे, म्हणतं काय ते सांग," हे त्यांचं पालुपद. रंग, आकार, सजावट सगळं वेगळ्या फायलीत. पानात फक्त कोणती गोष्ट काय आहे एवढंच. एका बियाणे कंपनीच्या पानावर मी नुसती अक्षरं मोठी, ठळक करून मथळा दिला, तर म्हणाले, "फेटा बांधला म्हणून कुणी नवरदेव होतो का? मंग तर वऱ्हाडात पन्नास नवरदेव!" नुसती मोठी अक्षरं फोनला कळत नाहीत, मथळा हा मथळा आहे असं पानात वेगळं सांगावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

स्वतःच्या भाचीच्या लग्नाची सोनेरी पत्रिकासुद्धा त्यांनी मला वाचायला लावून डोळे मिटून ऐकली. "सगळे काके-मामे झाले, नवरी कुठंय?" गिऱ्हाईक घाई करायचं आणि हे असे बसायचे. मला खरंच राग यायचा.

मागच्या महिन्यात मी भोकरदनच्या एका दवाखान्याचं पान केलं. महिन्याच्या तारखा आणि वार, डॉक्टर नसतील ते दिवस लाल. फोननं सगळ्या तारखा एका सुरात वाचल्या.

"बंद कोणत्या दिवशी?" भाऊंनी विचारलं.

"लाल आहेत ना भाऊ, कॅलेंडरात असतात तशा."

त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. तसेच म्हणाले, "असंच पान मी पण केल्तं. माझ्या दादाचे डोळे गेल्ते. फोनवर पान ऐकून जाफराबादहून यष्टीनं आल्ता. दवाखाना बंद. डॉक्टर येतील म्हणून दिवसभर पायरीवर बसला, मला फोन पण केला न्हाई. घरी जाऊन म्हणला, दिगू, तुझं पान बराबर हाय, मलाच समजलं न्हाई."

"मग?"

"मंग काय. दिवाळीत गेला. शेवटपर्यंत पान बराबरच म्हणत होता."

मला माझीच लाज वाटली. प्रत्येक लाल तारखेपुढं मी 'दवाखाना बंद' असं लिहिलं आणि पान पुन्हा त्यांच्या फोनवर लावून दिलं.

भाऊ तसेच डोळे मिटून ऐकत होते. 'सोमवार, दवाखाना बंद,' असं फोन म्हणाला, तेव्हा ते अगदी हळू बोलले. माझ्याशी नाही.

"नको येऊ दादा. सोमवारी बंद हाय."