बाळगोंडाण्णांची चिनी मुळं

बाळगोंडाण्णा भेटले की आधी जीभ बघतात, मग नमस्कार करतात. राजारामपुरीतल्या माझ्या औषधाच्या दुकानात, भर गर्दीत ओरडतात, "ताई, जीभ काढा बघू!" दिवसभर उभं राहून मी दमलेली असते, वाद घालायचं त्राण नसतं. काढते. "पांढरी पडलीया. अंगात ओल हाय!" चिनी वैद्य असंच बघतात म्हणे. त्यांच्या तावडीतून स्टॉपवरचे रिक्षावालेसुद्धा सुटलेले नाहीत.

आण्णा आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. शेती मुलाकडं सोपवून आलेले जैन गृहस्थ. कांदा, बटाटा, जमिनीखालचं काहीच चालत नाही. त्यांच्या बायकोला, पद्माक्कांना, आमवात. बोटं अशी वाकलीत की नमस्काराला तळवे जुळत नाहीत. ते जुळावेत, एवढंच आण्णांना हवंय, आणि त्यासाठी मोबाइलवर चिनी औषधांचा अभ्यास चालू असतो.

"ताई, आपल्याच अंगातलं शिपाई आपल्याच सांध्यांवर उठल्यात. का? त्यास्नी साखर हादडायची चटक लागलीया. चिनी औषध त्यांचा खुराकच बदलतंय की!" शिपाई म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी; हे मी पन्नासदा ऐकलंय. या शिपायांपायी त्यांच्या घरचा चहाही बिनसाखरेचा झाला. एकदा प्यायले, पुन्हा नाही बाई!

मग त्यांच्या इचलकरंजीच्या दोस्तानं यंत्रमागाच्या सुट्या भागांबरोबर चीनहून औषधाचा एक पुडा मागवून दिला. मी कपाळावर हात मारला. "आण्णा, अक्कांच्या गोळ्यांबरोबर हे चालतं का, डॉक्टरांना विचारा आधी."

"इचारतो की!" म्हणाले. विचारलं नाहीच.

रविवारी गोळ्या द्यायला वर गेले, तर काढा उकळत होता. त्या वासानं माझं डोकंच उठलं. आण्णांनी पेला अक्कांसमोर धरला.

"ह्यात मूळ हाय काय?" अक्कांनी विचारलं.

'न्हाय' म्हणाले असते तर अक्कांनी घेतलाही असता. आण्णा पेल्याकडं बघत राहिले.

"हाय," शेवटी म्हणाले. "समदी मुळंच हाईत."

अक्कांनी तोंड फिरवलं. "मग मला नगं. जन्मात खाल्लं न्हाय."

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, "आण्णा, टाका ओतून. उगाच अपाय व्हायचा."

"आठ दिस झालं, मी पितोय," आण्णा म्हणाले. "कायबी झालं न्हाय."

अक्का गर्रकन वळल्या. "तुमी? मूळ?"

"म्हटलं, काय व्हायचं ते आधी मला होऊ दे. मग तुला द्यावं."

या माणसाला मी वर्षभर वैतागून हसत आले होते. लाज वाटली मला.

"जन्मभर पाळलेलं मोडलासा माझ्यापायी?" अक्कांचे डोळे भरले होते, पण आवाज चढलाच. "माझी बोटं ऱ्हाऊ द्यात वाकडी. तुमास्नी काय झालं तर मी कुनाकडं बघू?"

आण्णांनी उठून काढा मोरीत ओतला.