रुग्णाला विचारून केलेली कॉपी

मणका सगळ्यांना असतो. पण तो अडकला आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार सगळ्यांना देऊन चालत नाही. म्हणून तर नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या आमच्या ओलेसुन गावात हस्तोपचार शिक्षण दर्जा मंडळ स्थापन झालं. औषध नाही, यंत्र नाही, नुसत्या हातांनी पाठ मोकळी करणारे लोक घडवणं, आणि घडेपर्यंत त्यांना नापास करणं, हे मंडळाचं काम. मी त्याचा सभासद आहे. (मानधन नाही. वॅफल मिळतं, वर तपकिरी चीज.)

आमचा दर्जा कडक आहे. अंगठ्याचा दाब किती असावा, हे विद्यार्थी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर शिकतात. आजवर एकाही काट्याची तक्रार आलेली नाही. हात गरम असावेत, चेहरा थंड असावा. रुग्णाशी हवामानावर बोलावं, पण त्याच्या आशा वाढतील इतकं चांगलं हवामान सांगू नये.

अंतिम परीक्षा मात्र जिवंत पाठीवर होते. यंदा ती पाठ ओडलाइफ नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याची होती. उमेदवार सुन्निवा. मुलगी हुशार, दोनदा नापास, आणि ही शेवटची संधी. पास झाली तर गावात स्वतःचा दवाखाना, नाहीतर जन्मभर मामाच्या कारखान्यात मासे खारवणं. तिच्याकडे बघून मला खरंच वाईट वाटत होतं, पण दर्जा म्हणजे दर्जा.

रीत अशी, की आधी आम्ही तिघे परीक्षक पाठ चाचपून अडकलेला मणका ठरवतो. अध्यक्ष गुनवोरबाईंना तो कमरेच्या वर सापडला, मला कमरेच्या खाली, आणि आयलर्टला मानेत. मतभेद आम्हाला सोसत नाहीत. आम्ही कॉफी घेतली आणि पाठीच्या मधला मणका अडकल्याचं एकमताने ठरवलं. तो आमच्यापैकी कुणाचाच नव्हता, त्यामुळे कुणाचं मन दुखावलं नाही. ओडलाइफ प्रत्येक दाबाला "ठीक आहे, चालतंय" एवढंच म्हणाला. आमच्या किनाऱ्यावर पाय मोडला तरी माणूस याहून जास्त बोलत नाही.

मग सुन्निवा आली. तिने पाठीवर हात ठेवला आणि सरळ विचारलं, "ओडलाइफ, कुठं दुखतंय हो?"

खोलीत कॉफीसुद्धा गार पडली.

"तसं काही नाही, पोरी."

"ते 'तसं काही नाही' नेमकं कुठं आहे?"

म्हातारा लाजला. "उजवीकडे. जरा खाली. अजून... हां, तिथंच! अगं आई गं!"

थोड्या वेळाने तो उठला, वाकला आणि त्याने स्वतः बुटाची नाडी बांधली. "हिवाळाभर बायको बांधत होती," म्हणाला आणि डोळे पुसू लागला.

"कॉपी!" गुनवोरबाई कडाडल्या.

"कॉपी कसली? पाठ त्यांची आहे!" सुन्निवा म्हणाली.

"तेच तर! ज्याच्याकडे उत्तर आहे त्यालाच विचारलंस तू!"

ओडलाइफ मध्ये पडला. "पण बाई, मला बरं वाटतंय!"

"कशावरून?" आयलर्टने नम्रपणे विचारलं. "तुमचं शिक्षण काय?"

सुन्निवा नापास झाली. अप्रशिक्षित रुग्ण हेच सगळ्याचं मूळ आहे, हे मंडळाच्या लक्षात आलं, आणि आता आम्ही रुग्णांसाठीही वर्ग काढला आहे. (पहिलं सत्र: प्राथमिक कण्हणं. डावं-उजवं दुसऱ्या सत्रात.)

सुन्निवा आता मासे खारवते. परवा ओडलाइफची कंबर पुन्हा धरली. तो तिच्या कारखान्यावरून लंगडत गेला, तिला हात केला, आणि पुढच्या चौकात आमच्या पास झालेल्या मुलाकडे जाऊन तासभर पालथा पडला. बरं वाटलं नाही. पण करणार काय, तिच्याकडे प्रमाणपत्र नाही ना!

तुम्ही आता त्या मुलीसाठी हळहळत असाल, आम्हाला नावं ठेवत असाल. खुशाल ठेवा. उद्या तुमची कंबर धरली, की दवाखान्यात शिरल्या शिरल्या तुम्ही आधी भिंतीकडे बघाल आणि मग माणसाकडे. आमचं मंडळ तुमच्याच भरवशावर चाललंय.