सासरेबुवांची नोव्हा आणि मागची सीट

बायकोच्या कमरेला हिसके बसू नयेत, एवढंच वेंडेल स्ट्राउडच्या मनात होतं. (निदान बायकोला त्याने तसं सांगितलं.) नोव्हा गाडी सहासष्ट सालची, आकाशी निळी, आणि तिचे मागचे स्प्रिंगचे पाटे इतके थकलेले की गावातलं रेल्वे फाटक ओलांडताना माणसाची कवळी जागा सोडायची. ते पाटे काढायचे आणि तिथे कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपच्या अंगावरच चढवलेली स्प्रिंग, बसवायचे असं त्याने ठरवलं.

खरं कारण निराळंच होतं. गाडी सासऱ्यांची. म्हातारा ऑर्व्हिल जिवंत होता तोवर जावयाला त्याने स्टिअरिंगला बोट लावू दिलं नाही. लग्न झाल्यापासून वेंडेल मागे डावीकडे (अमेरिकी गाडीचं स्टिअरिंग डावीकडेच), सासऱ्यांच्या बरोबर पाठीशी, खिडकीतून उडणारी पाइपची राख झेलत बसलेला. आता कुठे स्टिअरिंग हाती आलं होतं. मालक बदललाय हे गाडीलाही कळायला नको?

"कर काय करायचं ते," आर्लीन म्हणाली. "पण डॅडींची गाडी आहे. काम बिघडलं तर यापुढे गाडी मी चालवणार आणि तू मागे बसणार. पूर्वीसारखा."

"अगं, चार बोल्टांचं तर काम!"

"तेच म्हणते. चारातले दोन तू विसरशील."

शनिवारी गॅरेजमध्ये शेवटचा पाटा सुटला आणि गाडीच्या पोटातून आवाज आला, "हंऽऽ." वेंडेलच्या हातातून पाना पडला. जेवणाच्या टेबलावर जावई काही बोलला, की म्हातारा अगदी असाच हुंकारायचा. पाठोपाठ पाइपच्या तंबाखूचा वास आला. बिचाऱ्याने रेडिओ मोठा केला आणि जुने पाटे अदबीने फडक्यात गुंडाळून ठेवले.

मग नवे कॉइलओव्हर चढले. त्यावरची रिंग फिरवली की गाडी वरखाली होते, आणि उंची जमली की रिंगेतला बारका स्क्रू आवळून टाकायचा. त्याने उजवीकडचा आवळला, तेवढ्यात आतून हाक आली, "मीटलोफ गार होतोय!" वेंडेल हात पुसत पळाला. (मीटलोफ, म्हणजे भाजलेल्या खिम्याची लादी, गार झाला की आर्लीन गरम होते.)

मेमोरियल डेचे, म्हणजे गेलेल्यांच्या आठवणीचे दिवस. घरटी माणसं कबरींवर फुलं ठेवायला निघालेली. रविवारी दोघं पिओनीची फुलं घेऊन टेकडीवरच्या दफनभूमीत ऑर्व्हिलच्या कबरीवर जाऊन आले. घराशी वेंडेल ऐटीत गाडीतून उतरला, तर कुंपणापलीकडे गवत कापणारा शेजारचा डेल्बर्ट यंत्र बंद करून म्हणाला, "पाहुणे कोण आणलेत?"

"पाहुणे? कुठले?"

"मागे डावीकडे कुणीतरी बसलंय ना? गाडी कललीय बघ."

मागची सीट रिकामी होती. पण डावीकडे गादीत चांगला खोल खळगा, आणि वास तंबाखूचाच! उन्हात तापलेली सीट वास सोडणारच, अशी वेंडेलने स्वतःची समजूत घातली. तरी मागचं दार त्याने लांबूनच, पायाने ढकलून लावलं.

पुढच्या रविवारीही तेच. दफनभूमीतल्या खडीच्या रस्त्यावर मागून दोनदा हुंकार आला आणि घरी पोचेपर्यंत डावी बाजू आणखी खाली. आठवडाभर गॅरेजमध्ये उभी असताना गाडी तसूभर हलत नसे. जे काही चढत होतं ते दफनभूमीतूनच चढत होतं.

"तू काम नीट केलंयस ना?" आर्लीनने विचारलं.

"अगदी चोख!" वेंडेल म्हणाला. काम चुकलं म्हणावं तर स्टिअरिंग जातं, आणि चुकलं नाही म्हणावं तर मागे सासरा बसलाय! त्याने स्टिअरिंग धरून ठेवलं आणि मागचं बघायचा आरसा छताकडे वळवला.

तिसऱ्या फेरीला संध्याकाळ झाली. झाडांखाली अंधारून आलं होतं, कबरींवरचे छोटे झेंडे वारा नसताना फडफडताहेत असं वाटत होतं. आर्लीन फुलांना पाणी घालत होती. वेंडेलने हळूच मागचं दार उघडलं, टोपी काढली आणि कुजबुजला, "डॅडी, उतरता का? तुमचे पाटे टाकलेले नाहीत. नीट ठेवलेत. शप्पथ!"

कुणी उतरलं नाही.

"कुणाशी बोलतोयस?" मागून आवाज आला आणि वेंडेल अर्धा सीटवर, अर्धा खडीवर कोसळला. आर्लीनच होती.

परतताना दफनभूमीच्या फाटकापाशी येईतो मागून नवाच आवाज सुरू झाला, खर्र… खर्र… कुणीतरी नखांनी पत्रा खरवडत असावं तसा. "आले! पुढे येतायत!" वेंडेल किंचाळला आणि ब्रेकवर उभाच राहिला.

आर्लीनने डिकीतून जॅक आणि टॉर्च काढली आणि चर्चला घालायच्या झग्यासकट गाडीखाली शिरली. शेवटी मुलगी कुणाची!

"वेंडेल," खालून आवाज आला, "डावीकडचा स्क्रू कुणी आवळायचा होता? प्रत्येक खड्ड्याला रिंग फिरतेय, गाडी बसतेय. आता टायर पत्र्याला घासायला लागलाय."

"म्हणजे… डॅडी नाहीत?"

"डॅडी? आणि मागच्या सीटवर?" ती बाहेर येऊन खो खो हसायला लागली. "अरे, डॅडी आले असते तर थेट स्टिअरिंगला बसले असते! तुला कुठे बसवलं असतं, ते तुला ठाऊकच आहे. तो खळगा कुणाचा आहे, बस आणि बघ."

तिने रिंग वर चढवली, स्क्रू आवळला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. वेंडेलने मुकाट्याने किल्ली दिली आणि डावीकडे मागे बसला. खळग्यात तो असा चपखल बसला की त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

दारात गाडी थांबली. डेल्बर्टने वाकून मागची बाजू न्याहाळली.

"वा आर्लीन! एकदम सरळ!" तो खुशीत म्हणाला. "आता मागे कुणी म्हणजे कुणीसुद्धा बसलंय असं वाटत नाही."

मागच्या काचेतून वेंडेलने त्याला हात केला.