सर्वांत मंद तो सर्वांत पुढे

शनिवारी दुपारी ओरलीनबाई टीग केळ्याच्या पुडिंगचे भांडे दोन्ही हातांत धरून ब्रशी फोर्क या मोटारशर्यतींच्या ट्रॅकच्या मनोऱ्याचा जिना चढू लागल्या, तेव्हाच खाली गाड्या उतरवणाऱ्या मंडळींनी ओळखले, की आज वेंडेलची काही धडगत नाही. वेंडेल हा ट्रॅकचा मालक. शर्यतीत कोणती गाडी कितव्या जागेवरून सुटणार आणि ते कोणत्या पद्धतीने ठरवायचे, याचा अधिकार सर्वस्वी त्याचा होता. मात्र रविवारच्या शाळेत त्याला बायबल शिकवले होते ते ओरलीनबाईंनी (तेव्हाच्या सवयीने तो अजूनही त्यांना 'मिस ओरलीन'च म्हणे), आणि त्यामुळे त्या 'सर्वस्वी'ला थोडी मर्यादा पडत असे.

"वेंडेल, बस," त्या म्हणाल्या.

तो बसलेलाच होता. तरी तो उठला आणि पुन्हा बसला.

"आज पात्रता फेरी झाली की क्रम उलटा लावायचा. सगळ्यांत हळू गेला तो सगळ्यांत पुढे, सगळ्यांत जोरात गेला तो सगळ्यांत मागे."

"अहो मिस ओरलीन, मोसमातला शेवटचा शनिवार आहे हा! आणि उलटा क्रम लावतात तो पहिल्या चार-सहा गाड्यांचा. अख्खी रांग कोणी उलटी करत नाही."

"मग तू कर. आणि फेरी संपेपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही. आधी कळलं तर सगळे जण मयताला निघाल्यासारख्या गाड्या हाकतील."

"पण कशासाठी?"

"पुडिंग खा," ओरलीनबाई म्हणाल्या.

कारण त्यांना ठाऊक होते, आणि ते वेंडेललाही ठाऊक नव्हते असे नाही. त्यांचे यजमान हॉयल टीग हे वयाची पासष्टी ओलांडून गेले होते आणि त्यातली निम्मी वर्षे दर शनिवारी या ट्रॅकवर गाडी पळवत आले होते. परंतु एकदाही जिंकले नव्हते. गर्दीत ते उत्तम चालवत. पण पात्रता फेरीत प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाशी झुंजत जायचे असते. सगळे प्रेक्षागार आपल्याकडेच पाहत आहे, या जाणिवेने हॉयल यांच्या हातांचे लाकूड होत असे. मग सुरुवात मागच्या रांगेतून, आणि धडकाधडकी होते ती नेमकी मागच्याच रांगेत. वसंतात अशाच एका धडकेत त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या. इस्पितळातल्या खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी जाहीर केले, "एकदा जिंकल्याशिवाय मी हेल्मेट खाली ठेवणार नाही."

ओरलीनबाईंनी त्या खाटेशेजारी बसूनच हिशेब मांडला. मागून सुटतील तोवर जिंकणार नाहीत. जिंकणार नाहीत तोवर थांबणार नाहीत. आणि एखाद्या शनिवारी रुग्णवाहिकेच्या मागोमाग आपल्याला जावे लागेल. हा नवरा त्यांना पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या हाडांसकट घरच्या ओसरीवर बसलेला हवा होता. ब्रशी फोर्कचा ट्रॅक इतका अरुंद, की पुढून सुटणाऱ्याला मागे टाकणे फार अवघड. तेव्हा हॉयल यांना पहिली जागा मिळवून द्यायची, एवढेच काम उरले होते. हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. हॉयल इतके प्रामाणिक, की त्यांनी स्वतःच जाऊन तक्रार केली असती.

दर शनिवारी पात्रता फेरीच्या आधी ओरलीनबाई गाडीच्या खिडकीशी जात आणि वळणावर ब्रेक केव्हा लावायचा, मान कशी धरायची, खांदे कसे सोडायचे, हे यजमानांना सविस्तर समजावून सांगत. त्या दिवशी त्याची गरज नव्हती. जितके मंद जातील तितके बरेच. त्या ट्रॅकवरच्या आपल्या खाण्याच्या ठेल्यावर निर्धास्तपणे हॉटडॉगवर कोबीची कोशिंबीर पसरत उभ्या राहिल्या.

आणि कर्ण्यातून वेंडेलचा आवाज आला. त्याला कंप सुटला होता.

"मंडळी... आजची सर्वांत वेगवान फेरी... हॉयल टीग."

ओरलीनबाईंच्या हातातला डाव हॉटडॉगच्या रश्श्यात बुडाला. मनोऱ्याच्या खिडकीखालच्या काळ्या फळ्यावर खडूने 'हॉयल टीग' ही अक्षरे उमटली. सर्वांत वेगवान फेरी मारणाऱ्याचे नाव त्या फळ्यावर पुढच्या शर्यतीपर्यंत ठेवण्याची रीत होती.

त्या तडक गाड्यांच्या तळावर गेल्या. हॉयल टायरवर बसून लहान मुलासारखे हसत होते.

"काय केलंस हे, हॉयल?"

"फळा पाहिलास ना? अगं, मलाही कळलं नाही कसं झालं! आज खिडकीशी कुणी आलंच नाही. गाडीत इतकी शांतता होती, की मला चक्क इंजिन ऐकू आलं."

या वाक्याचा विचार सवडीने करण्याचे ठरवून ओरलीनबाई पुन्हा जिना चढल्या.

"फेरी संपेपर्यंत मी एक शब्द बोललो नाही," वेंडेल घाईघाईने म्हणाला. "पण उलट्या क्रमाने हॉयलकाका शेवटी जातात, आणि—"

"तो क्रम विसर. सरळच लाव."

"आत्ताच सांगून आलो ना खाली! गाड्या उलट्या लावताहेत पोरं. माझ्या नावाने शंख चाललाय. आता सरळ केला तर हॉयलकाकांसाठी फिरवला म्हणतील."

"मग वेळाच रद्द कर. बादलीतून आकड्यांच्या चकत्या काढायला लाव सगळ्यांना. घड्याळात बिघाड झाला म्हणून सांग."

"मिस ओरलीन, खोटं बोलू नये असं तुम्हीच शिकवलंत मला."

ओरलीनबाईंनी वाकून घड्याळाची वायर भिंतीतून उपटली. "आता झाला बिघाड. बोल खरं."

इंजिनांच्या गोंगाटात तळावर कर्णा कधीच ऐकू येत नसे. वेळा रद्द झाल्या आणि फळा पुसला गेला, हे हॉयल यांना कळलेच नाही. बादलीतून आकड्यांच्या लोखंडी चकत्या काढून जागा ठरणार, एवढाच निरोप त्यांना मिळाला. दरम्यान, एक नंबरची चकती ओरलीनबाईंच्या बर्फाच्या पेटीत गोड चहाच्या बाटल्यांमध्ये निजली होती, आणि अगदी शेवटच्या घटकेला ती बादलीत जाऊन पडली.

"बोटं सुजलीत तुझी," त्या यजमानांना म्हणाल्या. "हाताला काही गार लागलं तर धरून ठेव. बरं वाटेल."

योजना निर्दोष होती. पण हॉयल यांच्या पुढे ट्रॅव्हिस ब्लेव्हिन्स उभा होता, आणि त्याने नुकताच उकळत्या रेडिएटरला हात लावला होता. त्याने बादलीत हात घातला आणि त्याचा चेहरा उजळला.

"आहाहा! काय गार आहे हो! ही मी सोडत नाही."

एक नंबर. त्यानंतर हॉयल यांनी आज्ञाधारकपणे बादली ढवळायला सुरुवात केली. ती ढवळून झाली, पुन्हा ढवळून झाली.

"काका, मासा लागला की सांगा," मागून कुणीतरी म्हणाले.

अखेर त्यांनी जी काढली ती शेवटच्या जागेची चकती निघाली.

शर्यत सुरू झाली तेव्हा ओरलीनबाईंनी ठेल्याची फळी पाडली आणि आत पाठमोऱ्या बसून राहिल्या. दोनदा पत्रा चिरडल्याचा आवाज आला. दोन्ही वेळा श्वास रोखून त्यांनी ऐकले, आणि दोन्ही वेळा त्या सगळ्या कोलाहलातून हॉयल यांच्या इंजिनाची खरखर पुढे निघून गेली. ब्लेव्हिन्स जिंकला. हॉयल मधल्याच कुठल्यातरी क्रमांकावर आले. गाडीचा पुढचा पत्रा जमिनीवर फरफटत होता.

म्हणजे आणखी एक वर्ष, असे मनाशी म्हणत ओरलीनबाई तळावर गेल्या. हॉयल गाडीच्या खिडकीतून सावकाश बाहेर आले आणि त्यांनी हेल्मेट काढून बायकोच्या हातात दिले.

"धर. झालं माझं."

"काय झालं?"

"सोडलं. बास आता."

"अरे, पण तू जिंकला नाहीस!"

"नाही ना. गंमत म्हणजे, त्याचं काही वाटतच नाहीये." हॉयल यांनी घाम पुसला. "इतकी वर्षं वाटायचं, जिंकायचंय. पण आज एकटा होतो ट्रॅकवर. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, आणि सगळ्यांपेक्षा जोरात गेलो मी. त्याच्यानंतर ती शर्यत म्हणजे नुसती ढकलाढकली वाटली बघ. आता हिवाळाभर माझं नाव राहणार वर. येता-जाता बघेन."

असे म्हणून त्यांनी मान वर केली. फळा कोरा होता.

"माझं नाव कुठंय?"

ओरलीनबाई हेल्मेटचा पट्टा सारखा करू लागल्या.

"वेळा रद्द झाल्या, काका," शेजारून ब्लेव्हिन्स म्हणाला. "घड्याळ बिघडलं म्हणे."

हॉयल यांचा चेहरा विझला. मग त्यांचा हात हळूहळू हेल्मेटच्या दिशेने पुढे आला. "असं होय. मग काय, पुढच्या वर्षी परत..."

ते हेल्मेट ओरलीनबाईंनी काखेत असे आवळले, की ते काढायला पोलीसच लागले असते, आणि त्या तिसऱ्यांदा जिना चढल्या.

"नाही," त्यांना पाहताच वेंडेल म्हणाला. "मिस ओरलीन, आता नाही!"

"वेळा तुझ्याकडे आहेत की नाहीत?"

"आहेत. पण घड्याळ—"

"घड्याळाला काय धाड भरलीये? वायर निघाली होती. तेच सांग लोकांना, ते तर खरं आहे. शर्यतीचा निकाल राहू दे तसाच, ब्लेव्हिन्सला मिरवू दे. फक्त वेळा परत लाव."

"आणि वायर कुणी काढली म्हणून विचारलं तर?"

"तर माझं नाव सांग. बघू कोण पुढे विचारतं ते."

वेंडेलने जाहीर केले. आणि फळ्यावर लिहायला माणूस येईपर्यंत धीर न धरवून ओरलीनबाई स्वतःच खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या. मागून वेंडेलने त्यांच्या एप्रनचा बंद दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली. अक्षरे उलट्या बाजूने लिहावी लागल्याने थोडी वाकडी आली, पण तळाच्या टोकापासून वाचता येतील इतकी मोठी होती. कुणीतरी भोंगा वाजवला, मग दुसऱ्याने, मग सगळ्याच गाड्या ओरडू लागल्या. खाली हॉयल यांनी टोपी काढली होती. ती परत घालायचे त्यांना सुचत नव्हते.

वसंतापासून छातीत अडकलेला श्वास ओरलीनबाईंनी तिथेच, खिडकीच्या चौकटीवर हात टेकून सोडला.

वेंडेल खुर्चीत कोसळला होता. "मिस ओरलीन, एकदाच काय ते सांगून टाका. पुढच्या मोसमात कुठली पद्धत ठेवू? घड्याळ, चकत्या, का उलटा क्रम?"

ओरलीनबाईंनी काखेतले हेल्मेट सारखे केले आणि भर चर्चमध्ये कुणी हवामान विचारावे, तसे त्याच्याकडे पाहिले.

"गाड्या कुठून सुटतात याने काय फरक पडतो, वेंडेल?" त्या म्हणाल्या, आणि जिना उतरू लागल्या.