आमेन म्हटलं की

मागच्या हिवाळ्यात एका बुधवारी आमच्या मूल गावात रूथबाईंच्या घरी प्रार्थनासभा होती. समारोपाची प्रार्थना याकोबभाऊंनी केली. ती चालू असताना वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि रूथबाईंना चहा दोनदा गरम करावा लागला.

याकोबभाऊ माझे शेजारी. राइस मिलमध्ये फिटर होते, आता निवृत्त. आमच्या मंडळीची एकही उपासना ते चुकवत नाहीत. रविवारी सकाळची मराठी उपासना झाली की दुपारी सिरोंचाकडून इथे स्थायिक झालेल्या कुटुंबांची तेलुगू उपासना असते. भाऊंना तेलुगू येत नाही, पण सर्वांत मोठ्याने आमेन तेच म्हणतात. तरुणांच्या उपासनेत गिटारबरोबर टाळ्या वाजवतात, ठेका स्वतःचा. महिलांच्या सभेत पुरुषांना प्रवेश नाही, म्हणून तिथलं आमेन ते व्हरांड्यातून म्हणतात.

त्यांच्या प्रार्थनेचा क्रम ठरलेला आहे. आधी देश, मग जिल्हा, मग भामरागडच्या वाटेवरचे पूल, आणि मग एकेक घर. "प्रभू, तुले तं मालूमच हाय," अशी सुरुवात करून ते प्रभूला सगळं सविस्तर सांगतात. डॉक्टरांनी बंद केलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा मंडळीतल्या एलियाने पुन्हा सुरू केला, हे त्याच्या बायकोला या प्रार्थनेतूनच कळलं. प्रार्थना चालू असल्यामुळे तिला लगेच काही करता आलं नाही.

रूथबाईंच्या चहानंतर तक्रार झाली. प्रार्थना आटोपती घ्या, नाहीतर समारोप दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल, असं भाऊंना सांगायचं पाळकसाहेबांनी ठरवलं. शेजारी म्हणून मलाही सोबत नेलं.

भाऊंच्या दाराशी चपलांसाठी एक लांबलचक फळी ठोकलेली होती. तिच्यावर एकच जोड होता.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं.

"लहान करतो, साहेब," ते म्हणाले. मग म्हणाले, "पन आमेन म्हनलं का सगळे चपला घालतेत. थोडे अजून बसले तं काय होते?"

तुमच्याकडे शेवटची सभा कधी झाली, असं साहेबांनी विचारलं. भाऊंनी भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे पाहिलं.

"हे होती तवा."

बाई गेल्यावर महिलांनी भाऊंचं घर बुधवारच्या पाळीतून काढलं होतं. एकट्या माणसाला चहापाण्याचा त्रास नको, असा त्यांचा हेतू होता. भाऊंना कुणी विचारलं नव्हतं, आणि आपली पाळी का येत नाही हे भाऊंनीही कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या बुधवारची सभा त्यांच्याकडे झाली. चहा त्यांनीच केला. आलं जास्त झालं होतं. समारोपाला भाऊ उभे राहिले.

"प्रभू, तुले तं मालूमच हाय. हे सगळे माह्या घरी आले. आमेन."

इतक्या लवकर संपेल अशी कुणाचीच तयारी नव्हती. लोक डोळे मिटून पुढच्या वाक्याची वाट पाहत बसले. एलियाने सर्वांत शेवटी डोळे उघडले.

तरी कुणी उठलं नाही. रूथबाईंनी रिकामा कप पुढे केला. "भाऊ, उरला हाय का? मले अजून पायजे."

भाऊंनी चहा दुसऱ्यांदा गरम केला. फळीवर जागा उरली नव्हती. बाकीच्या चपला अंगणात होत्या.