चार सेकंदांचा अंधार

आमच्या शेजारचे बबनतात्या अंधाराला इतके भितात, की जेवताना वीज गेली तर घास हातात तसाच धरून बसतात. आणि या माणसाचा छंद काय, तर तेजोमेघांचे फोटो काढणं. त्यासाठी अमावास्येला पारनेरच्या पठारावर, जिथे एक दिवा दिसत नाही, तिथे जाऊन बसायचं.

तात्या निवृत्त वायरमन. कॅमेरा मुलाचा, जुना. सेटिंगचा विषय निघाला की त्यांना जोर चढतो. "आयएसओ सोळाशे. लेन्स जवळजवळ पुरी उघडी. शटर चार सेकंद. त्याच्या वर येक सेकंद न्हाई."

त्यांच्या लेन्सला सहा सेकंद चालतात, प्रकाशही जास्त येईल, असं मी एकदा सांगून पाहिलं. फोटोत तारे रेघांसारखे लांबतात, म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. शटर उघडं असेपर्यंत टॉर्च लावता येत नाही, आणि टॉर्चशिवाय तात्यांना चार सेकंदांच्या वर दम धरवत नाही. फोटो झाला की टॉर्च चारी बाजूंना फिरणार, मगच पुढचा. असे तीनशे फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक चढवायचे, तेव्हा कुठे मृगातला तो पुसट ढग उजळतो.

गेल्या पौषात मी सोबत गेलो. दीडशेच्या आसपास फोटो झाले असतील, तेवढ्यात खालच्या ज्वारीतून करवत चालावी तसा आवाज आला. शटर उघडं होतं. मी टॉर्चकडे हात नेला, तर तात्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गारठलेला, पण ओठ मोजत होते. चार झाल्यावर त्यांनीच टॉर्च लावली.

बांधावर दोन डोळे चमकले. बिबट्या उभा राहून आमच्याकडे बघत होता. तात्या काहीतरी पुटपुटत होते. देवाचं नाव असेल म्हणून कान दिला, तर "आयएसओ सोळाशे, आयएसओ सोळाशे" चाललं होतं.

डोळे दिसेनासे झाले. ज्वारीची ताटं दूरपर्यंत हलत गेली.

मी पिशवी उचलून चला म्हणालो. तात्या बांधावर टॉर्च फिरवत राहिले, पण उठेनात. त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्याला तेव्हा आठ महिने झाले होते.

"घरी जाऊन काय करू, सर?" ते हळूच म्हणाले. "थितं कायच हालत न्हाई. मला त्याचं जास्त भ्या वाटतं."

मी पिशवी खाली ठेवली. फटफटेपर्यंत आम्ही तिथेच होतो.